मोडलेल्या दिवशीचं रेकॉर्डिंग ऐकावं का? (जॅझ: मागे पडलेल्या तबकड्या आणि चुकलेली माणसं)

आडवाट
मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय, ती इथे मांडतो. परवा रात्री सॅक्सवाल्या चार्ली पार्करचं 'लव्हर मॅन' लावलं. २९ जुलै १९४६ चं, डायल लेबलसाठी केलेलं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: बर्ड (म्हणजे पार्करच) तेव्हा कॅलिफोर्नियात अडकला होता, हेरॉइन देणारा माणूसच तुरुंगात गेल्यामुळे माल मिळेना, म्हणून नुसत्या दारूवर दिवस ढकलत होता. स्टुडिओत धड उभं राहवत नव्हतं. पियानोवर जिमी बनने सुरुवात करून दिली, याची जागा आली आणि गेली, हा गप्पच. मग उशिरा येतो, सूर थरथरतोय, ओळ सुरू होते आणि मधेच सोडून देतो. त्याच रात्री हॉटेलात गोंधळ, आग, पोलीस, आणि पुढचे सहा महिने कॅमरिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात. इकडे डायलच्या रॉस रसेलने ती तबकडी बाजारात आणली. पार्करला त्याचा प्रचंड राग होता. १९५१ मध्ये त्याने तेच गाणं पुन्हा वाजवलं, रेड रॉडनी ट्रंपेटवर, सगळं जागच्या जागी.

माझ्याकडे दोन्ही आहेत. तरी हात १९४६ कडेच जातो. का जातो? आणि जावा का? ज्याने केलं त्यालाच ज्याची लाज वाटत होती ते आपण असं कवटाळून बसायचं हे बरोबर आहे का?

दुसरं, याला लागूनच: तुमची अशी कोणती रेकॉर्ड आहे जी फारसं कोणी ऐकत नाही, वाजवणारा माणूस म्हणून कच्चा होता, चुकला होता, आणि तरी तुम्ही तिला सोडत नाही? नावं द्या, आणि नुसती नावं नको, काय ऐकू येतं तेही लिहा.

रात्रपाळी
१९४६ चंच. विचारसुद्धा करावा लागत नाही. बासवादक चार्ल्स मिंगससुद्धा ते पार्करच्या सर्वोत्तम रेकॉर्डिंग्जमध्ये धरायचा.

पितळी
मी उलट्या बाजूचा. मी स्वतः ट्रंपेट वाजवतो, हौशीच, पण वीस वर्षं झाली. एकदा अंगात ताप, ओठ सुजलेला, तरी कार्यक्रम ठरलेला म्हणून उभा राहिलो. वरचे सूर लागेनात, म्हणून सगळं खालच्या पट्टीत ओढत नेलं, दोनदा चक्क थांबलो. कोणीतरी ते रेकॉर्ड केलं आणि नंतर माणसं येऊन सांगायला लागली की 'तुझ्या वाजवण्यात काय भावना होती त्या दिवशी'. अरे भावना कसली, मला श्वास पुरत नव्हता! आज इतकी वर्षं झाली तरी ती टेप कुठे वाजली की मला तिथून उठून जावंसं वाटतं. पार्करच्या जागी मी मला ठेवून बघतो आणि मला रसेलचं वागणं अजिबात पटत नाही. माणूस कोसळत असताना टेक सुरू ठेवायचा, वर तो विकायचा.

ऐकायचंच तर कॅमरिलोहून सुटल्यावरचं ऐका. फेब्रुवारी १९४७ चं 'रिलॅक्सिन ॲट कॅमरिलो'. बारा बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट) ब्लूज आहे पण चाल अशी वाकडी टाकलीय की ठेका कुठे पडतो ते पहिल्यांदा कळतच नाही. तो माणूस बरा होऊन आल्यावर किती मोकळा वाजवतो ते बघा. ते त्याचं खरं. ते सोडून आपण त्याच्या पडण्याला टाळ्या वाजवतोय.

मुक्ता_क
पितळी, तुमचा राग समजतो. पण बिली हॉलिडेचं 'लेडी इन सॅटिन' घ्या. फेब्रुवारी १९५८, कोलंबियासाठी, मागे रे एलिसचा मोठा वाद्यवृंद, व्हायोलिनांचा नुसता लोट. आवाज पार गेलेला. वरचे सूर नाहीत, श्वास कमी, शब्द कोरडे. पण ही काही कोणी चोरून काढलेली टेप नाही. तिला स्वतःला रे एलिस हवा होता, असाच साज हवा होता. गाण्यांची निवडसुद्धा तिची. म्हणजे मोडलेला आवाज घेऊन ती स्वतःहून उभी राहिली. रे एलिस आधी नाराज होता, त्याच्या कानात तिचा जुना आवाज होता. नंतर टेप ऐकल्यावर त्याचं मत बदललं.

मला दोन्ही केस सारख्या वाटत नाहीत. एकीत माणूस शुद्धीवर नव्हता, दुसरीत त्याला पक्कं माहीत होतं.

खर्ज
+१ मुक्ता. हा फरक महत्त्वाचा आहे.

माझी रेकॉर्ड सांगतो: पियानोवाला बड पॉवेल, 'अ पोर्ट्रेट ऑफ थेलोनियस'. डिसेंबर १९६१, पॅरिस, बासवर पिएर मिशेलो आणि ड्रम्सवर केनी क्लार्क, निर्माता कॅननबॉल ॲडर्ली. कोलंबियाने ती १९६५ पर्यंत बाहेरच काढली नाही. बडचं नाव निघालं की सगळे १९५१ च्या 'उन पोको लोको'वर जातात, बरोबरच आहे, मॅक्स रोच त्यात काउबेलवर जे काय करतो ते ऐकून अजून अंगावर काटा येतो. पण दहा वर्षांनंतरचा बड म्हणजे 'उरलासुरला' असं जे लिहिलं जातं ते मला मान्य नाही.

त्याचं आयुष्य आठवा. जानेवारी १९४५ मध्ये फिलाडेल्फियात पोलिसांनी डोक्यावर मारलं, वय वीस. नंतर इस्पितळं, क्रीडमोरमध्ये जवळजवळ वर्षभर, विजेचे झटके. १९५९ ला पॅरिसला गेला. या रेकॉर्डवर तो थेलोनियस मंकची गाणी वाजवतो आणि बोटं आता पूर्वीसारखी पळत नाहीत हे त्याला माहीत आहे, त्यामुळे तो एकेक सूर खाली ठेवतो, जड वस्तू ठेवावी तसा. 'रुबी माय डिअर' ऐका. मधे ज्या जागा सोडल्यात त्या चुकून सुटलेल्या नाहीत.

उनाड
खर्ज, भारी लिहिलंत. लावतो आत्ता.

टिपकागद
थोडं थंड पाणी टाकतो, रागावू नका. आपण रेकॉर्ड ऐकतो की रेकॉर्डची गोष्ट ऐकतो?

सॅक्सवाल्या आर्ट पेपरचं उदाहरण. 'आर्ट पेपर मीट्स द रिदम सेक्शन', १९ जानेवारी १९५७. माइल्स डेव्हिसचा रिदम सेक्शन (पियानो, बास, ड्रम्स) गावात आलेला: रेड गार्लंड, पॉल चेंबर्स, फिली जो जोन्स. गोष्ट अशी की बायकोने त्या दिवशी सकाळी सांगितलं, आज तुझं रेकॉर्डिंग आहे. सॅक्सला किती दिवस हात लावलेला नाही, मानेवरचं बूच सुकून फुटलेलं, ते कसंबसं टेप लावून बसवलं, सुई टोचून घेतली आणि स्टुडिओत जाऊन ही अजरामर तबकडी केली. पेपर स्वतः हेच सांगायचा, १९७९ च्या आत्मचरित्रात आहे.

आता नोंदी बघा. १४ जानेवारी १९५७ ला, म्हणजे फक्त पाच दिवस आधी, तोच पेपर 'मॉडर्न आर्ट' या रेकॉर्डच्या सेशनला वाजवत होता. त्याआधी डिसेंबरमध्ये, त्याआधी नोव्हेंबरमध्ये. हात चांगला गरम होता! म्हणजे ती रेकॉर्ड चांगली आहे कारण माणूस तयारीत होता. पण आपल्याला गोष्ट आवडते की नशेत, बिनतयारीने, फुटक्या वाद्यावर झालं. मग पुढचा पोरगा ती गोष्ट वाचतो आणि त्याला वाटतं की हेच इंधन.

आणि हे कल्पनेतलं सांगत नाहीये. पार्करच्या मागे किती पोरं हेरॉइनला लागली. वर रेड रॉडनीचं नाव आलंच आहे, तो त्यातलाच. पार्कर स्वतः मात्र तरुणांना सांगायचा की नशेत चांगलं वाजतं म्हणणारा खोटं बोलतोय.

आडवाट
टिपकागद, हे पाच दिवसांचं मी कधी जोडून बघितलंच नव्हतं! धन्यवाद. आणि 'मॉडर्न आर्ट' हीच खरी दुर्लक्षित रेकॉर्ड म्हणायची, कारण इंट्रो नावाचं बारकं लेबल, कोणाच्या नजरेत आली नाही. तिच्यातली पहिली 'ब्लूज इन' ही नुसत्या सॅक्स आणि बासवर आहे, बेन टकर बासला. ड्रम्स नाहीत, पियानो नाही. इतकं उघडं वाजवायला निधडी छाती लागते.

गोगलगाय
माझं मत टिना ब्रुक्सला. टेनर सॅक्स. नाव हॅरोल्ड, अंगाने बारीक म्हणून लहानपणी 'टीनी' म्हणायचे, त्याचं टिना झालं. त्याचं हयातीत स्वतःच्या नावावर आलेलं एकच एलपी, 'ट्रू ब्लू', २५ जून १९६०. ब्लू नोट लेबलने त्याची एकूण चार सेशन्स केली, तीन कपाटात ठेवून दिली. १९६१ नंतर स्टुडिओचं तोंड बघितलं नाही. १९७४ मध्ये गेला, बेचाळीसचा होता. व्यसन होतंच. मोझेक लेबलने १९८५ मध्ये सगळं एकत्र करून तबकड्यांची पेटी काढली तेव्हा लोकांना कळलं हा माणूस कोण होता.

'ट्रू ब्लू'च्या सहा दिवस आधी ट्रंपेटवाल्या फ्रेडी हबर्डची पहिली रेकॉर्ड 'ओपन सेसमी' झाली, टिना त्यात आहे, आणि तिचं शीर्षकगीत टिनाचं आहे. सहा दिवसांनी 'ट्रू ब्लू'त हबर्ड त्याच्याकडे. दोन्ही ओळीने ऐका. हबर्ड बावीसचा, दार लाथेने उघडून आत येतो. टिना मात्र दाराशी थांबून आधी चपला नीट ठेवणारा. त्याचा सूर कधीच ओरडत नाही, ओळी लांब लांब, एक संपतेय म्हणेपर्यंत तिच्यातूनच दुसरी निघते. मला वाटतं जगाला मोठ्याने बोलणारे लवकर ऐकू येतात, बास.

रात्रपाळी
'चपला नीट ठेवणारा'!! आता टिना ब्रुक्स म्हटलं की हेच दिसणार 🙂

सिंधू_अ
मला प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल बोलायचंय. 'माणूस म्हणून चुकला' यात तुम्ही सगळे व्यसनही धरताय. माझा सख्खा भाऊ बारा वर्षं व्यसनात होता. आता बरा आहे. तो दोष नव्हता हो, आजार होता. चूक कशाला म्हणायची ते आधी ठरवा.

सॅक्सवाला स्टॅन गेट्झ बायकोला मारायचा. माइल्सने १९८९ च्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिलंय की तो बायकांवर हात उचलायचा. मिंगसने १९६२ मध्ये टाउन हॉलच्या कार्यक्रमाच्या तयारीत स्वतःच्या ट्रोम्बोनवाल्याला, जिमी नेपरला, तोंडावर ठोसा मारून दात तोडला. हा तो नेपर ज्याने मिंगससाठी वर्षानुवर्षं स्वरलेखन केलं होतं. खटला झाला, शिक्षा झाली ती स्थगित. टिना ब्रुक्सने कोणाचं काय वाकडं केलं? पियानोवाल्या हर्बी निकोल्सने? एकाच पिशवीत सगळ्यांना घालू नका.

पितळी
ताई, शंभर टक्के. आणि नेपरबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण या गोष्टीत सगळे मिंगसच्या स्वभावाबद्दल बोलतात, नेपरच्या तोंडाबद्दल कोणी बोलत नाही. पितळी वाद्य वाजवणाऱ्याचा दात म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. माउथपीस ओठावर टेकतो आणि ओठामागे आधार दातांचा. एक दात गेला की वीस वर्षांत बसवलेली ओठांची ठेवण गेली. नेपरची वरची पट्टी त्या एका ठोशात गेली.

म्हणून माझी रेकॉर्ड: 'अ स्विंगिंग इंट्रोडक्शन टू जिमी नेपर', बेथलेहेम लेबल, १९५७. पियानोवर तरुण बिल एव्हान्स. ट्रोम्बोन हे वाद्य असं बोलतं हे मी तोवर ऐकलं नव्हतं. तो घसरत नाही, तुटक तुटक शब्द टाकतो, आणि मधेच एखादा सूर मुद्दाम आंबट. मिंगसच्या 'तिहुआना मूड्स'मध्येही आहे तो, पण इथे घर त्याचं स्वतःचं.

खर्ज
आणि तरी नंतर नेपर मिंगसबरोबर पुन्हा वाजवायला गेला. मिंगस गेल्यावर मिंगसचं संगीत वाजवणाऱ्या बँडमध्येही होता. हे माझ्याच्याने झालं नसतं.

सिंधू_अ
त्याने माफ केलं असेल तर तो त्याचा अधिकार. तो आपला नाही.

टिपकागद
हे वाक्य लिहून ठेवतो.

उनाड
पण मग गेट्झ ऐकायचाच नाही का? मी 'फोकस' (१९६१) कशी सोडू? एडी सॉटरने तंतुवाद्यांसाठी पूर्ण संगीत लिहिलं, गेट्झसाठी एक ओळसुद्धा नाही, आणि हा त्यात शिरून जागच्या जागी सुरावट काढतो. पहिल्या तुकड्यात रॉय हेन्स ब्रशने त्याच्या मागे लागलेला. मला हे गेट्झच्या बोसा नोव्हापेक्षा कितीतरी मोठं काम वाटतं. आणि 'पीपल टाइम', मार्च १९९१, कोपनहेगन, सोबत फक्त केनी बॅरनचा पियानो. यकृताचा कर्करोग, तीन महिन्यांनी गेला. सोलो संपवताना दम लागलेला कळतो.

सिंधू_अ
ऐका की. मी कुठे नको म्हणतेय. मीही ऐकते. फक्त ऐकताना 'किती हळवा माणूस असेल हा' असं म्हणू नका. सूर हळवा आहे. माणूस घरी तसा नव्हता, आणि ज्यांनी ते सोसलं ती खरी माणसं होती.

चकमक
चेट बेकर कसा नाही आला अजून?

मुक्ता_क
चेटच्या बाबतीत मला चेहऱ्याचा प्रश्न वाटतो. पन्नासच्या दशकातला देखणा फोटो आणि ऐंशीच्या दशकातला सुरकुतलेला फोटो शेजारी ठेवायचे की झालं, कोणी ट्रंपेट ऐकतच नाही. १९६६ मध्ये मारहाण झाली, नंतर दात गेले, कवळी लावून पहिल्यापासून शिकला. पेट्रोल पंपावरही काम केलं त्या काळात. १९७९ ची 'द टच ऑफ युवर लिप्स', स्टीपलचेस लेबल, गिटार डग रेनी, बास निल्स-हेनिंग ओर्स्टेड पेडरसन, ड्रम्स नाहीत. ड्रम्स नसल्यामुळे त्याला कोणाच्या वर चढावं लागत नाही. मधल्या सप्तकात, जवळजवळ बोलण्याच्या आवाजात वाजवतो. माझ्या मते 'माय फनी व्हॅलेंटाइन'वाल्या तरुण चेटपेक्षा इथे त्याला पुढचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) जास्त स्पष्ट ऐकू येतोय.

पितळी
कवळीवर ट्रंपेट! यावर मी वेगळा धागा लिहू शकतो. मूळ दातांवर बसवलेलं सगळं विसरायचं आणि नवीन तोंड घेऊन लांब सूर धरत बसायचं, रोज, महिनोन्महिने. ज्याला आपण आळशी, बेफिकीर, व्यसनी म्हणतो त्याने हे केलंय. हे करायला जी चिकाटी लागते ती माझ्यात नाही, मी शपथेवर सांगतो.

भिडू_३२
अवांतर: पॉल गॉन्साल्विस. ड्यूक एलिंग्टनचा टेनरवाला. न्यूपोर्ट, ७ जुलै १९५६, सत्तावीस कोरसचा (कोरस म्हणजे गाण्याच्या चालीचं एक आवर्तन) तो सोलो सगळ्यांना माहीत आहे. पण गंमत अशी की तो भलत्याच मायक्रोफोनसमोर उभा राहिला! कोलंबियाचा माइक सोडून 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा. म्हणून एलपीवर सोलो लांबून आल्यासारखा वाटायचा. पुढे रेडिओवाल्यांची टेप मिळाली आणि १९९९ मध्ये दोन्ही जुळवून स्टिरिओ काढलं, तेव्हा सॅक्स समोर आला. त्रेचाळीस वर्षांनी!

हा माणूस पण दारू, नशा सगळ्यात, स्टेजवर बसल्या बसल्या झोपायचा. ड्यूकने त्याला कधी काढलं नाही. मे १९७४ मध्ये गॉन्साल्विस लंडनमध्ये गेला, ड्यूक तेव्हा स्वतः अखेरच्या आजारात, त्याला ही बातमी सांगितलीच नाही. नऊ दिवसांनी तोही गेला. गॉन्साल्विसची स्वतःच्या नावाची 'गेटिंग टुगेदर', डिसेंबर १९६०, जॅझलँड लेबल, विंटन केलीचा पियानो. ऐका, त्या सत्तावीस कोरसपलीकडचा गॉन्साल्विस भेटेल. बॅलडमध्ये सूर असा धुरासारखा पसरतो.

गोगलगाय
हे अवांतर नाहीच. चुकलेल्या माणसाला सांभाळून घेणारा कोणी भेटला तर काय होतं त्याचं उदाहरण आहे. टिनाला ड्यूक मिळाला नाही.

टिपकागद
गोगलगाय, हेच म्हणणार होतो. आणि उलट बाजूला व्यवस्था. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ कॅबरे कार्डाचा नियम होता. जिथे दारू मिळते तिथे वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कार्ड लागायचं, ड्रग्जमध्ये शिक्षा झाली की कार्ड जप्त. बिली हॉलिडेचं १९४७ मध्ये गेलं. त्यानंतर ती कार्नेगी हॉलमध्ये हजारो लोकांसमोर गाऊ शकत होती, कोपऱ्यावरच्या क्लबात नाही! १९५१ मध्ये मंक आणि बड पॉवेल गाडीत सापडले, मंकने तोंड उघडलं नाही, मित्राचं नाव घेतलं नाही, कार्ड गेलं, १९५७ पर्यंत परत मिळालं नाही. सहा वर्षं. पियानोवाला एल्मो होप याच पायी लॉस एंजेलिसला गेला.

म्हणजे अमुक एक कलाकार 'दुर्लक्षित राहिला' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला वाजवायला बंदी होती असं म्हणायला हवं.

खर्ज
एल्मो होपचं नाव काढलंत तर टेनर सॅक्सवाल्या हॅरोल्ड लँडची 'द फॉक्स' (१९५९) घ्या. एल्मो पियानोवर, बरीचशी गाणी त्याचीच. आणि ट्रंपेटवर ड्युप्री बोल्टन. हे नाव कोणी ऐकलंय? अख्ख्या कारकिर्दीत लक्षात राहणारी दोन रेकॉर्ड्स, ही एक आणि १९६३ ची कर्टिस एमीची 'कतंगा!'. बाकी आयुष्य बरंचसं तुरुंगात. 'द फॉक्स'चं शीर्षकगीत भन्नाट वेगात आहे आणि बोल्टन त्यात असा घुसतो की पहिल्यांदा ऐकताना मी उभा राहिलो होतो. नंतर शोधत बसलो, हा कोण, बाकीचं कुठाय. बाकीचं नव्हतंच.

चकमक
खर्ज, आत्ता ऐकलं. बापरे. हा माणूस दोनच रेकॉर्ड्सवर?

रात्रपाळी
हर्बी निकोल्सचं नाव सिंधूताईंनी घेतलं ते तसंच राहिलं. त्याच्यात दोष शोधायला जाल तर सापडणार नाही. हुशार, वाचणारा, सभ्य. १९५५-५६ मध्ये ब्लू नोटसाठी त्रिकूटात वाजवलं, ड्रम्सवर कधी आर्ट ब्लेकी कधी मॅक्स रोच, जवळजवळ सगळी स्वतःची गाणी. खपलं नाही. पोटासाठी जुन्या डिक्सीलँड बँडांत वाजवत राहिला. बिली हॉलिडेने 'लेडी सिंग्ज द ब्लूज' म्हणून जे गायलं त्याची चाल याची. १९६३ मध्ये ल्युकेमियाने गेला, चव्वेचाळीसचा. तर मंडळी, चूक न करताही मागे पडतातच लोक. त्याच्या गाण्यात ड्रम्ससाठी मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते, ब्लेकी तिथे जे करतो ते निकोल्सच्या चालीचाच भाग वाटतं.

उनाड
एक अवघड नाव घेऊ का? फ्रँक रोसोलिनो. ट्रोम्बोन. १९७८ मध्ये त्याने स्वतःच्या दोन्ही मुलांवर गोळ्या झाडल्या, एक गेला, एकाची दृष्टी गेली, मग स्वतःला संपवलं. त्याची 'फ्री फॉर ऑल' १९५८ ला रेकॉर्ड झाली आणि १९८६ पर्यंत पडून होती. संगीत आनंदी आहे, खरंच आनंदी. मला ती दोनदा ऐकून तिसऱ्यांदा लावता आली नाही.

सिंधू_अ
उनाड, नाही लावता आली तर नको लावूस. प्रत्येक गोष्टीचं उत्तर असलंच पाहिजे असं नाही.

पितळी
मीही नाही ऐकू शकत ती. आणि वाजवलंय अप्रतिम, हेही खरं.

मुक्ता_क
मूळ प्रश्नाकडे येऊ? आडवाट गायब आहेत.

आडवाट
गायब नाही, ऐकत होतो. तुम्ही दिलेल्या यादीत दोन रात्री गेल्या. काल दोन्ही 'लव्हर मॅन' एकामागून एक लावली, आधी १९५१ मग १९४६, मग परत १९५१, आणि पितळींचं तापातलं वाजवणं डोक्यात ठेवून ऐकलं.

काय झालं सांगतो. १९४६ मध्ये मी ज्याला भावना म्हणत होतो त्यातला बराच भाग माझाच होता. मला माहीत आहे की रात्री काय होणार आहे, म्हणून प्रत्येक थरथर मोठी वाटते. ते बाजूला ठेवून नुसते सूर ऐकायचा प्रयत्न केला. तरी काही जागा उरल्या. एका ठिकाणी तो ओळ अर्धी सोडतो, आपल्याला वाटतं हरवला, आणि तो पुढच्या कॉर्डवर बरोबर उतरतो. शुद्ध नाही, हात चालत नाहीत, पण गाणं त्याला पाठ आहे, कॉर्ड कुठे बदलतो हे अंगात आहे. हे त्याचं पडणं नाही, हे त्याचं शिक्षण आहे, पडतानाही न गेलेलं. मला ती जागा आवडते हे आता मी न लाजता सांगू शकतो. बाकीच्या थरथरीबद्दल पितळी, तुमचं बरोबर आहे.

आणि १९५१ वर मी अन्याय केला होता. 'सगळं जागच्या जागी' असं वर लिहिलंय मी, जणू ती तक्रारच. त्याला ते तसं हवं होतं.

पितळी
बास, मला एवढंच म्हणायचं होतं. ती जागा कुठली, कितव्या मिनिटाला? मी इतकी वर्षं ती तबकडी लावली नाहीये, एकदा ऐकून बघतो.

आडवाट
मिनिट बघून सांगतो. पण आधी न बघता ऐका, तुम्हाला माझ्याआधी कळेल.

खर्ज
आणि पितळी, ऐकून झालं की सॅक्सवाल्या लेस्टर यंगची १९५८ ची 'लाफिन टु कीप फ्रॉम क्रायिंग' पण घ्या. प्रकृती साफ गेलेली, वर्षभरानंतर गेलाच, आणि त्यात त्याने कित्येक वर्षांनी क्लॅरिनेट हातात घेतलंय. दम पुरत नाही हे तुम्हाला पहिल्या ओळीत कळेल. तरी ऐका.

पितळी
यंगचं क्लॅरिनेट? १९५८ मध्ये? ऐकलं नाहीये हे. उद्या सकाळी रियाजाच्या आधी लावतो.